अर्ध्या वाटणीची बुलेट

अवसरी बुद्रुकमध्ये सोपान फिटर कुठे राहतो म्हणून विचारलं तर कुणीही घर दाखवेल, पण तो घरी सापडेल याची हमी कुणी देणार नाही. पारगावच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, गेल्या दिवाळीला निवृत्त झाला, आणि तेव्हापासून या माणसाला बसायचं कसं असतं तेच ठाऊक नाही. चहा उभ्याने पितो. पेपर वाचतो तो ओट्यावरून खाली आणि खालून वर येरझाऱ्या घालत. कुठे काही खुळखुळलं, करकरलं, की झालंच. देवळातल्या पंख्याचा खडखडाट, शेजाऱ्याच्या फाटकाची कुरकुर, न बोलावता जाऊन दुरुस्त करून येणार. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून ताट सोडून उठला, कारण मांडवामागचा जनरेटर नीट पेटत नाही हे त्याच्या कानांना सोसवेना. परत आला तोवर पंगत उठली होती.

त्याची बायको प्रतिभा पिंपरी पेंढारची. तोंडाने फटकळ, हाताने नेटकी. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "कारखान्यानं ह्यांना सोडलं आन् माझ्या गळ्यात बांधलं. तिथं निदान भोंगा झाला की थांबत तरी व्हते."

अशा या माणसाने एका वस्तूला मात्र कधी हात लावला नव्हता. गोठ्याच्या कोपऱ्यात दोन बारदानांत गुंडाळून, वरून तारेने आवळून ठेवलेलं बुलेटचं इंजिन. गाई बदलल्या, गोठ्याचा पत्रा बदलला, ते बारदान वीस वर्षं हललं नाही. प्रतिभा झाडताना त्याच्या भोवतीने खराटा फिरवायची. का उघडत नाही म्हणून विचारलं की सोपान म्हणायचा, "टाईम कुठाय?" आता वर्षभर टाईमच टाईम होता, तरी तो त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच धार काढायला बसायचा.

बुलेट त्याच्या वडिलांची. गेणूआबा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गाय अडली, म्हैस फुगली की आबा बुलेटला औषधांची पेटी बांधून निघायचे, निरगुडसर, धामणी, पार लोणीपर्यंत. संध्याकाळी परतताना गाडी ओढ्याच्या पुलावर आली की तिचा आवाज घरात ऐकू यायचा आणि सोपानची आई बयाबाई चहाचं आधण ठेवायची. पुलापासून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहा तयार. नवऱ्याशी ती दिवसभरात मोजकंच बोलायची, पण हा चहा तिने कधी चुकू दिला नाही.

आबा गेले आणि वर्षभरात वाटणीला पंच बसले. सोपान आणि त्याचा थोरला भाऊ बाळासाहेब. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले, पाटा एकाकडे आणि जातं दुसऱ्याकडे गेलं. अडलं ते बुलेटपाशी. पंच म्हणाले, एकाने गाडी घ्या, दुसऱ्याने तिच्या बदल्यात म्हैस घ्या. म्हैस दोघांनाही नको होती. शेवटी पंचांतला एकजण वैतागून म्हणाला, "मग घ्या राव अर्धी अर्धी!" त्याला वाटलं, हे ऐकून तरी दोघांना लाज वाटेल. लाज कुणाला वाटली नाही. सोपान घरात गेला आणि पाना घेऊन आला.

तासाभरात इंजिन खाली उतरलं. सांगाडा, चाकं, टाकी, गिअरबॉक्स आणि कागदपत्रं बाळासाहेबाने ओढ्यापलीकडे मळ्यातल्या घरी नेली. इंजिन सोपानकडे राहिलं. अवघा गाव बघत होता. बयाबाई उंबऱ्यावर बसून होती, आणि त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. थोरल्याकडेही जेवली नाही आणि धाकट्याकडेही नाही.

नुसत्या इंजिनाचं करायचं काय? त्या वर्षांत भारनियमन जोरात होतं, वीज कधी यायची आणि कधी जायची याचा भरवसा नसायचा. सोपानने इंजिन एका ओंडक्याला बोल्ट लावून बसवलं, पुली चढवली, पट्टा टाकला आणि कडबाकुट्टीला जोडलं. बुलेटची किक असते गिअरबॉक्सला, आणि गिअरबॉक्स तर दादाकडे. मग पुलीला बैलाचा कासरा गुंडाळायचा आणि हिसका देऊन ओढायचा. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. गाईंना कुट्टी मिळायची आणि ओढ्यापलीकडे दादाला आवाज ऐकू जायचा. यातल्या दुसऱ्या गोष्टीचा आनंद जास्त होता, हे सोपानने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

दहा मिनिटंच का, तर बुलेटचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. गाडी पळते म्हणून त्याला वारा लागतो. एका जागी बांधून ठेवलं की ते पोळायला लागतं. सोपान फिटर होता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आणि मग एका वैशाखात, सकाळी कुट्टी चालू असताना त्याला बांधावर दादा दिसला. बांधाचा दगड सरकला की सरकवला यावरून आधीच धुसफूस होती. सोपान इंजिन तसंच चालू ठेवून तरातरा बांधावर गेला. तोंडाला तोंड लागलं. पणजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, मागे इंजिन धडधडतंच होतं. आणि एकाएकी ते थांबलं. भांडता भांडता दोघेही गप्प झाले. एवढी शांतता त्या शिवारात कधी ऐकली नव्हती.

"प्याट्रोल संपलं असंल," सोपान म्हणाला आणि घराकडे वळला.

पेट्रोल निम्मं शिल्लक होतं. कासरा ओढला तर पुली तसूभर हलेना. पिस्टन तापून सिलिंडरला धरून बसला होता. त्याच संध्याकाळी त्याने इंजिन बारदानात बांधलं आणि घरात सांगितलं, आबांची वस्तू आहे, कुट्टीला लावून झिजवायची नाही. सगळ्यांना ते पटलं. प्रतिभाला तर नवऱ्याचं कौतुक वाटलं, आणि ते कौतुक सोपानला वीस वर्षं बोचत राहिलं.

दोघा भावांची गाठ वर्षातून एकदा पडायची, आबांच्या पित्राला. बयाबाई राहायची सोपानकडे, पण पित्राला थोरला लेक पानावर हवा, हा तिचा हट्ट. बाळासाहेब यायचा, आईशी बोलायचा, जेवायचा, जायचा. यंदा जेवता जेवता तो आमटीच्या वाटीकडे बघत म्हणाला, "आये, दसऱ्याला पुण्याचा माणूस येणारे. जुन्या गाड्या घेतो. सांगाडा आन् कागदं देऊन टाकतो. इंजिन त्यो दुसरं टाकणारे."

सोपानचा घास हातातच राहिला. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "आये, त्याला इचार, आबाचं इंजिन चालू असंल तर?"

"चालू असंल तर वाजवून दाखवावं," बाळासाहेब वाटीला म्हणाला. "दसऱ्याच्या सकाळपत्तोर. मग म्या कशाला इकतोय?"

पंचमीचं पित्र. दसऱ्याला वीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत बारदानाची तार तुटली. असलं इंजिन उघडायला खास हत्यारं लागतात. ती पुण्याहून मागवायची तर आठ दिवस वाट बघावी लागली असती, आणि आठ दिवस वाट बघण्याएवढा धीर अंगात असता तर तो सोपान झालाच नसता. त्याने घरावरून नजर फिरवली, आणि प्रतिभाने कपाळाला हात लावला, कारण ती नजर तिला ओळखीची होती.

पुली ओढून काढायला नांगराच्या जुन्या पट्टीला तीन भोकं पाडून हत्यार झालं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबायला सुताराचा शिकंजा आणि सायकलच्या सीटचा पाइप. पाइपाला कानसीने खिडकी पाडली, त्या खिडकीतून खिळ्याच्या टोकाने लॉकं काढली. पहिल्यांदा शिकंजा सटकला आणि स्प्रिंग गव्हाणीत उडाली. गाय दिवसभर त्याच्याकडे संशयाने बघत होती. व्हॉल्व्ह घासायला ठिबकच्या नळीचा तुकडा व्हॉल्व्हच्या दांड्यात बसवला आणि दोन्ही तळहातांत धरून तो रवीसारखा फिरवत राहिला, सलग दोन सकाळी. बयाबाई ओट्यावरून बघत म्हणाली, "लोणी आलं का रं?"

पिस्टन मात्र त्याने एकट्यानेच काढला, घरात कुणी नसताना. लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याचे घाव घातले तेव्हा तो कसाबसा निघाला. बाजू खरवडलेल्या, ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटलेलं. सोपानने तो फडक्यात गुंडाळला आणि ढेपेच्या पोत्यामागे सारला. प्रतिभाला सांगितलं, गंजून बसलं होतं. सिलिंडर मंचरला लेथवाल्याकडे नेऊन बोअर करून आणला, पुण्याहून मोठ्या मापाचा पिस्टन मागवला. एवढं काम घरी होण्यासारखं नव्हतंच.

खरी गंमत बेअरिंग बसवताना झाली. नवं बेअरिंग आवरणातल्या खोबणीत बसत नव्हतं. इंजिनाचं आवरण तापवून फुगवायचं आणि बेअरिंग गारठवून आकसवायचं, मग ते अलगद बसतं, हे सोपानला माहीत होतं. बेअरिंग त्याने फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात प्रतिभाच्या मटारांत खोचलं. त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे सांगण्यासारखं नाही. आवरण चुलीवर ठेवलं, पण किती तापवायचं? कमी तापलं तर बेअरिंग अर्ध्यात अडकणार, जास्त तापलं तर आवरण वाकडं होणार. कारखान्यात अशा वेळी मीटर असायचा. इथे तो चुलीभोवती फेऱ्या मारत होता, बोट जवळ नेत होता, मागे घेत होता.

"सरा तिकडं," प्रतिभा म्हणाली. तिने तांब्यात बोटं बुडवून ॲल्युमिनियमवर शितोडा मारला. पाणी नुसतं पसरलं. "तवा आजून झाला न्हाई." थोड्या वेळाने परत मारला. पाणी सळसळलं. "आजून." तिसऱ्यांदा थेंब गोल होऊन टणाटण उडाले आणि ती म्हणाली, "टाका भाकर." सोपानने बेअरिंग मटारांतून काढून वर धरलं, ते टपकन आपल्या जागी जाऊन बसलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने इतकं सरळ बसलेलं बेअरिंग बघितलं नव्हतं. तो खूश होऊन बायकोकडे बघत राहिला. प्रतिभा मटार मोजत होती.

दिवस पळत होते आणि सोपानचा डोळा लागत नव्हता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पिस्टनच्या रिंगा आवळल्या, वर पाइपाची क्लिप. पेट्रोलच्या टाकीऐवजी गाईच्या सलाइनची रिकामी बाटली वाशाला टांगली, तिचीच नळी कार्बोरेटरला. ठिणगीसाठी फवारणी पंपाची बॅटरी. अष्टमीच्या संध्याकाळी इंजिन ओंडक्यावर उभं होतं आणि फक्त टायमिंग लावायचं राहिलं होतं. त्याचंही हत्यार तयार होतं. सायकलची एक तार. तिच्यावर ब्लेडने दोन खुणा, पाऊण मिलीमीटरच्या अंतराने. प्लगच्या भोकातून ती पिस्टनवर टेकवायची, पिस्टन वरच्या टोकाला आला की पहिली खूण, आणि दुसरी खूण दिसते त्या ठिकाणी ठिणगी पडायला हवी. तासाभराचं काम. पण ठिणगीच्या जोडणीतला कंडेन्सर खराब निघाला, तो आणायला नवमीच्या सकाळी मंचरला जावं लागलं.

परत आला तर गोठ्यात एकही हत्यार नव्हतं.

बयाबाईने खंडेनवमीची पूजा मांडली होती. दरवर्षी मांडायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, सगळं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर, वर झेंडूची फुलं. आबांच्या वेळेस त्यांची सुई-पिचकारीही पाटावर असायची. या घरात पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत कुणी उचलायचं नाही. सोपानने पाने-हातोडी पूजेला बसणार हे धरलंच होतं. टायमिंगला पाना एकच लागणार होता, तो शेजारून आणता आला असता. पण पाटावर त्याच्या पान्यांच्या शेजारी नांगराची पट्टी होती. खिडकी पाडलेला पाइप होता. ठिबकची नळी, डब्याचा पत्रा, आणि सगळ्यांच्या पुढे सायकलची तार, तिच्या दोन्ही खुणांवर कुंकवाची दोन बोटं. शहाऐंशी वर्षांच्या बाईने सकाळभर वाकून वाकून एकेक वस्तू वेचली होती आणि एकही सोडली नव्हती.

"आये, ही काय हत्यारं हायेत का?" सोपान जवळजवळ ओरडला. "भंगार हाय त्ये! सायकलची तार हाय ती!"

"ज्यानं काम केलं त्ये हत्यार," बयाबाई म्हणाली. "ईस दिस राबलीत बिचारी. त्यांना नको का यक दिस?"

"उद्या सकाळी त्यो माणूस येतोय. आबाची गाडी जाईल."

"जाऊ दे."

"आबा अडलेल्या गाईला म्हणायचं का, आज नवमी हाय, थांब म्हणून?"

"गाय जित्ती आसती. ह्ये ईस वर्सं थांबलंय, आजून यक दिस थांबंल."

सोपानच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी तार आणावी, तिच्यावर खुणा कराव्यात, आईला कळणारही नाही, असं मनात येऊन गेलं. पण आईने कुंकू लावलेली तार समोर होती आणि आपल्या भंगाराला तिने हत्यार म्हटलं होतं. कारखान्याने निरोप देताना नारळ आणि शाल दिली, पण असं काही कुणी म्हटलं नव्हतं. ते ऐकून त्याला बरंही वाटलं. राग तर होताच. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं हे न कळून तो अंगणात फेऱ्या मारू लागला.

"हिकडं ये," बयाबाई म्हणाली. पाटाच्या कडेला, खाली जमिनीवर फडक्यात काहीतरी होतं. तिने फडकं उलगडलं. पिस्टन होता. त्याला हळद नव्हती, कुंकू नव्हतं.

"ढेपंच्या पोत्यामागं घावला."

प्रतिभा दारातच थबकली. सोपान म्हणाला, "गंज..."

"गंज मला कळतो आन् जळल्यालं बी कळतं. साठ वर्सं चुलीपुढं बसल्ये." म्हातारीने पिस्टन त्याच्यासमोर सरकवला. "हत्यारं उद्यापत्तोर उचलायची न्हाईत. ह्ये हत्यार न्हाई. ह्ये उचल आन् बाळूला दाखवून ये."

बावीस वर्षं ओढा ओलांडला नव्हता. पूल सरळ होता, तरी सोपान पुलावरून दोनदा मागे फिरला. तिसऱ्यांदा गेला तो थेट बाळासाहेबाच्या कांदे साठवायच्या बराकीपर्यंत. आत वरच्या आडव्या बांबूला बुलेटचा सांगाडा टांगलेला, त्यावर पोती पांघरलेली. खाली बाळासाहेब सडके कांदे वेचून बाजूला काढत होता. त्याने वर बघितलं आणि परत कांद्यात हात घातला.

"दादा," सोपान म्हणाला. एवढ्या वर्षांनी तो शब्द तोंडातून नीट निघाला नाही. त्याने पिस्टन क्रेटवर ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं. "त्या दिशी प्याट्रोल संपलं नव्हतं. मी चालू ठिवून आल्तो भांडायला. आबाचं इंजिन मी जाळलं. घरात बी खोटं सांगितलं."

बाळासाहेबाने पिस्टन उचलला. कांद्याची टरफलं चिकटलेल्या बोटांनी तो फिरवून बघितला.

"प्याट्रोल संपल्यावर इंजिन गचके खातं," तो म्हणाला. "दोन-चार आचके देतं, मग मरतं. त्ये एकदम थांबलं व्हतं. मला तवाच कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हून."

सोपान उभा होता. पहिल्यांदाच त्याच्या पायांना कुठे जावंसं वाटेना.

"दोन वर्सं म्या त्या आवाजावर धारा काढल्या," बाळासाहेब खाली बघत म्हणाला. "तू मला जळवायला वाजवायचास, म्हाईत व्हतं. पर आवाज आला की वाटायचं, आबा पुलावर आलं. बंद झाल्यावर लई दिस करमलं न्हाई." त्याने पिस्टन क्रेटवर ठेवला. "झालं का इंजिन?"

"यक काम राह्यलंय. आयेनं हत्यारं पूजेला बसवली. सायकलची तार बी बसवली."

"मग बसू दे," बाळासाहेब म्हणाला आणि कांदे वेचायला लागला. सांगाड्याचं काय, ते बोलला नाही. सोपानला विचारायचा धीर झाला नाही.

दसऱ्याच्या सकाळी सोपानने पहाटेच गाई धुतल्या, तोरण बांधलं, अंगण शेणाने सारवायला घेतलं तेव्हा प्रतिभाने त्याच्या हातातून बादली ओढून घेतली. नऊच्या सुमारास पुण्याचा टेम्पो पुलावरून पलीकडे गेला. त्याचा मागचा फाळका ढिला होता, खडाखड वाजत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोपानला त्याचं काही वाटलं नाही. तो ओट्यावर चढला, उतरला, पुन्हा चढला. बारदानाचं खरं कळल्यापासून प्रतिभा फटकूनच होती. आता मात्र येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

पाऊण तासाने टेम्पो परतताना ऐकू आला. सोपान चप्पल न घालता पुलाकडे पळाला. मागे ताडपत्री होती. तिच्याखाली काय असेल ते त्याला बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. वळणावर ताडपत्री उडाली. खाली कांद्याच्या चार गोण्या होत्या. ड्रायव्हरशेजारी पुण्याचा माणूस तोंड आंबट करून बसला होता.

तासाभराने गावाने बघितलं की बाळासाहेब बुलेटचा सांगाडा हाताने ढकलत पुलावरून येतोय. दोन्ही चाकांत हवा नाही, टाकीवर कोळ्याची जाळी. सोनं लुटायला निघालेली दोघं-तिघं मदतीला धावली, त्याने कुणाला हात लावू दिला नाही. घामाघूम होऊन दारात आला, सांगाडा भिंतीला टेकवला आणि बयाबाईला म्हणाला, "आये, हातभर जागा हाय का?"

"लई मोप हाय," म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी आपट्याची पानं दिली-घेतली, बयाबाईने पाटावर अक्षता टाकल्या आणि मान हलवली. सोपानने पहिली उचलली ती सायकलची तार. तिच्यावरचं कुंकू त्याने पुसलं नाही, नुसतं खुणांच्या बाजूला सारलं. बाळासाहेब पुली हळूहळू फिरवत होता, सोपान तार धरून होता, आणि "थांब", "जरा मागं", "आरं मागं म्हणलं ना" असं चाललं होतं. कारखान्यातले हाताखालचे लोक याला कसे सोसत असतील, असं बाळासाहेब प्रतिभाला म्हणाला.

पुलीला कासरा गुंडाळला. बाळासाहेब ओढायला उभा राहिला, आणि थांबला. "आधी पंखा आण," तो म्हणाला. प्रतिभाने टेबल फॅन आणून इंजिनासमोर ठेवला, चालू केला. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला नळीतून एक ठसका आला. तिसऱ्याला बाळासाहेबाने अंगातलं सगळं बळ लावलं आणि इंजिन धडधडलं. सायलेन्सर नव्हता. कोंबड्या छपरावर गेल्या, गाईंनी दावी ताणली. मग आवाज हळूहळू जमिनीवर उतरला आणि एका चालीने चालू लागला. दोघे भाऊ इंजिनाकडे बघत राहिले, एकमेकांकडे बघायचं त्यांना जमेना.

बयाबाई ओट्यावरून उठली. भिंतीला धरत आत गेली. थोड्या वेळाने आतून पातेल्याचा आवाज आला. तिने आधण ठेवलं होतं.

"टॅपेट वाजतोय," बाळासाहेब म्हणाला.

सोपानला ती बारीक टकटक आधीच ऐकू आली होती. पाना हाताशीच होता. त्याने पान्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे बघितलं.

"वाजू दे," तो म्हणाला.

दहा मिनिटांनी त्याने इंजिन बंद केलं. बयाबाई चहा घेऊन आली तेव्हा तो ओंडक्याच्या कडेला टेकला होता. चहा त्याने बसून प्यायला.